पुसायला निघालेले सुभेदार

सुभेदारांकडे प्रत्येक वस्तू दोन-दोन होती. दोन चष्मे, दोन छत्र्या, सायकलचे दोन पंप, दोन घड्याळं. त्यातलं एक मनगटावर आणि एक खिशात. नुसती दुसरी वस्तू जवळ असून त्यांचं भागायचं नाही. ती चालती आहे याची खात्री हवी, म्हणून ती आळीपाळीने वापरायची. आज हा चष्मा, उद्या तो. भर उन्हाळ्यात, आभाळ कोरडं ठणठणीत असताना, सांगलीच्या विश्रामबागेच्या रस्त्यावरून एक उंच, मिशाळ माणूस छत्री उघडत आणि मिटत चाललेला दिसला की कॉलेजची मुलं सायकली थांबवून बघायची. बायको मात्र एकच होती. त्याबद्दल त्यांनी कधी तक्रार केली नाही, पण ते जरा विचारात पडलेले दिसले की काकू म्हणायच्या, "काय चाललंय मनात ते आत्ताच सांगा."

ते सैन्यातून, सिग्नलच्या तुकडीतून निवृत्त होऊन आलेले. गाव माण तालुक्यातलं. आणि आमच्या ऑफिसात कॉम्प्युटर होता, त्याचे ते प्रमुख. सत्तरच्या दशकाची अखेर होती. सांगलीत कॉम्प्युटर आहे हे सांगलीलाही माहीत नव्हतं. आसपासच्या काही साखर कारखान्यांनी मिळून ही संस्था काढली होती. कुठल्या शेतकऱ्याने ऊस कधी लावला आणि त्यावरून कुणाची तोड कधी, हे सगळं मशीनमध्ये भरायचं. तोडीची पाळी चुकली तर उभा ऊस वाळतो, त्यामुळे ती यादी म्हणजे लोकांच्या वर्षाचा निकालच.

मी सातारची. सांगलीत मावशीकडे राहून बीएस्सी झालेली, पुण्याला एक सर्टिफिकेट कोर्स करून आलेली, आणि त्या सर्टिफिकेटामुळे जमिनीपासून वीतभर वर चालणारी. पहिल्या दिवशी मी मावसभावाचा लॅबचा पांढरा कोट घालून गेले होते. मला वाटलं होतं, शास्त्रज्ञ असेच दिसतात. सुभेदारांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "दवाखाना पलीकडं हाय."

मशीन म्हणजे कपाटाएवढी दोन लोखंडी धुडं आणि समोर एक दांडगा टाइपरायटर. पडदा वगैरे काही नाही. आपण हुकूम टाइप करायचा, कळ दाबायची, मशीन त्याच कागदावर खडखडत उत्तर द्यायचं. काम संपलं की ओळीच्या सुरुवातीला एक ठिपका काढून गप्प बसायचं. तो ठिपका म्हणजे, बोला, पुढे काय. सुभेदार आम्हा सगळ्यांना अरेतुरे करायचे, पण मशीनला अहोजाहो. "आवं, थांबा की जरा," असं ते त्या ठिपक्याला म्हणायचे, आणि तो थांबायचा. आमच्यात तेवढी शिस्त नव्हती.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत मशीन आपोआप बॅकअप घ्यायला लागे. सुभेदार त्याला 'राखीव' म्हणत, पलटणीतल्या राखीव तुकडीसारखं. त्यांनी हुकुमांची एक साखळीच लिहून ठेवली होती. वेळ झाली की घंटी वाजायची, कागदावर 'टेप लावा' अशा अर्थाची ओळ उमटायची, आणि मशीनच्या पोटातल्या चकतीवरचं, म्हणजे डिस्कवरचं, सगळं टेपवर उतरायला लागायचं. तोवर बाकी सगळ्यांचं काम बंद. हे थांबवायचे, पुढे ढकलायचे, रद्द करायचेही हुकूम होते. एकदा हिशेबनीस घाईत आले, म्हणाले, "सुभेदार, आजचं तेवढं राहू द्या, मला रिपोर्ट काढायचाय."

"ऱ्हाऊ दे की," सुभेदार म्हणाले. "बसा हितं. तुमीच टाइप करा. आन् काय टाइप केलं ते मराठीत मोठ्यानं वाचा."

हिशेबनिसांनी एका बोटाने टाइप केलं आणि वाचलं, "आजचा बॅकअप पुढं ढकला."

"कुणाच्या जबाबदारीवर?"

हिशेबनीस उठले, हात धुतले आणि जेवायला गेले.

मोठ्याने वाचायचा हा नियम सगळ्यांना होता. माझ्यासाठी त्यात एक प्रश्न जास्तीचा होता. पहिल्याच आठवड्यात मी इंग्रजीत फाडफाड हुकूम टाइप केला होता, कळ दाबणार इतक्यात त्यांनी माझं मनगट धरलं.

"कुठनं कुठं?"

"म्हणजे?"

"काय उतरायचंय? कुठनं कुठं?"

मी वाचून बघितलं. मी कोऱ्या टेपवरचं सगळं चकतीवर उतरवायला निघाले होते. म्हणजे साऱ्या उसावर एक भलंमोठं काहीच नाही. तेव्हापासून मी कुठलाही हुकूम लिहिला की मागून एस.टी.च्या कंडक्टरसारखा आवाज यायचा, "कुठनं कुठं?" आणि मी उत्तर द्यायचे, "चकतीवरनं टेपवर," जशी काही मिरजेहून तासगावला निघालेय.

पण सुभेदारांचं खरं वेड वेगळंच होतं. त्यांना मशीन पुसायचं होतं. महिन्यातून एकदा ते मोठ्या साहेबांच्या, म्हणजे कार्यकारी संचालकांच्या, केबिनमध्ये जाऊन उभे राहायचे.

"साहेब, एकदा पुसू द्या."

"काय पुसू द्या?"

"सगळं. पुसतो आन् टेपवरनं परत चढवून दावतो."

"अहो, चालतंय ना मशीन? मग कशाला पुसायचं?"

"राखीव चालतंय का न्हाई ते बघायला."

साहेब हात जोडायचे. सुभेदार परत यायचे आणि मला सांगायचे, "आमच्या घरात पाण्याचे तीन रांजण. तिसऱ्याला तडा गेलाय हे कळलं कवा? पयले दोन संपल्यावर. ह्यास्नी कोण सांगणार?"

माझं दुखणं निराळं होतं. मी हंगामी होते. साहेबांकडे कायम करा म्हणून गेलं की ते म्हणायचे, "मुलीची जात. उद्या लग्न होऊन जाशील, कायम कशाला?" साताऱ्याला वडिलांकडे लग्न थांबवा म्हणून गेलं की ते म्हणायचे, "कायम असतीस तर थांबलो असतो. हंगामी नोकरीसाठी चांगलं स्थळ सोडायचं का?" दोघे एकमेकांना कधी भेटले नव्हते, पण दोघांनी मिळून माझा चेंडू छान खेळवला होता. मला लग्न नको होतं असं नाही. मला त्या खडखडणाऱ्या टाइपरायटरसमोर बसायचं होतं, आणि ते सोडून कुठल्या तरी माडीवर पदर सावरत चहा द्यायला मी तयार नव्हते. कायमची ऑर्डर मिळाली तरच ते जमणार होतं.

दर शनिवारी मी साताऱ्याला घरी जायचे, म्हणून सुभेदारांनी मला एक कामगिरी दिली होती. "सगळी राखीव एकाच खोलीत म्हंजे आगीला आवतण," असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे आठवड्याची एक टेप माझ्याबरोबर साताऱ्याला, आणि आधीची सोमवारी परत सांगलीला. टेपची गुंडाळी परातीपेक्षा जराशीच लहान. ती बसेल असा डबा एकच होता, पापडाचा. तो मांडीवर घेऊन मी एस.टी.त बसायचे. शेजारची बाई हमखास विचारायची, "उडदाचं हायत का?"

"मॅग्नेटिक टेप आहे," मी मान वर करून सांगायचे.

"असं व्हय. आन् ते तळायचं का भाजायचं?"

साताऱ्यात आई तो डबा शालूंच्या कपाटात ठेवायची. तिची समजूत होती की आत सरकारी काहीतरी आहे.

मग खंडेनवमी आली. शस्त्रं, अवजारं, ज्याच्या हाताला जे लागतं त्याची पूजा. सुभेदार दसऱ्याला गावी गेले. जाताना सांगून गेले होते, "पूजा भाईर करा. मशीनचा फोटो ठेवा आन् त्याची करा." ते फाटकातून बाहेर पडेपर्यंत आम्ही ते विसरलोही. मशीनसमोर मी रांगोळी काढली. झेंडूच्या माळा लोंबवल्या. कपाटातली एकेक टेप उघडून तिला हळदकुंकू लावलं, आणि तेही नुसतं बोट टेकवून नव्हे, अगदी नक्षीदार. मला त्या दिवशी फार प्रसन्न वाटत होतं.

नारळ साहेबांच्या हस्ते. नारळ फोडायला दगड हवा, पण मशीनरूममध्ये धूळ नको म्हणून दगड आणायला सुभेदारांची बंदी. तेवढी एक बंदी आम्ही पाळली. साहेबांनी इकडे तिकडे बघितलं आणि चकतीच्या कपाटाच्या लोखंडी कडेवर नारळ हाणला. एका दणक्यात फुटला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पाणी जाळीतून आत गेलं, आत चुर्र असा आवाज झाला, आणि जरा वेळाने टाइपरायटर आपला आपण बंद पडला. आम्ही प्रसाद खाल्ला. खोबरं गोड होतं.

पुण्याहून इंजिनिअर आला. त्याने मशीन वाळवलं, नवी चकती बसवली. ती कोरी. आता टेपवरून चढवा म्हणाला आणि गेला. आम्ही कपाटातली एक टेप लावली. करकर आवाज आला. दुसरी लावली, पुन्हा करकर. टेप वाचणाऱ्या भागावर हळदकुंकवाचा थर बसला होता, आणि तो सगळ्या टेपा खरवडत होता. नक्षी सगळीकडे सारखी उतरली होती.

आठवडाभरात कारखान्यांचे बॉयलर पेटणार होते. ऊसतोड मजुरांच्या टोळ्या वाटेवर होत्या. कोणत्या टोळीला कुठल्या फडात पाठवायचं याची यादीच नाही. नोंदीचे कागद होते, पण ते गावोगावी विखुरलेले. गोळा करून पुन्हा भरायचे तर अर्धा हंगाम गेला असता.

सुभेदार परत आले. ओलं कपाट बघितलं, टेपा बघितल्या.

"नारळ कुणी फोडला?"

साहेब छताकडे बघत होते.

"लय ब्येस फोडला," सुभेदार म्हणाले. सगळं ऑफिस सुतक पाळत होतं आणि त्यांच्या मिशीखालचं हसू मावत नव्हतं. इतकी वर्षं मागितलेलं त्यांना फुकटात मिळालं होतं. मग माझ्याकडे वळले. "साताऱ्याची टेप कवाची?"

"दसऱ्याच्या आधीच्या शनिवारची."

"चल."

"उद्या रविवार आहे. मला बघायला येणारेत," मी म्हणाले.

"बरं. आमीबी बघू," असं म्हणाले आणि रविवारी सकाळी माझ्याबरोबर एस.टी.त बसले.

आम्ही घरी पोचलो तेव्हा पाहुणे आलेले होते. तासगावचे बेदाण्याचे व्यापारी, आणि त्यांचा मुलगा. मुलगा चिवड्यातले शेंगदाणे वेगळे काढून बशीच्या कडेला रांगेत लावत होता. आई मला आत ओढू लागली, तेवढ्यात सुभेदार म्हणाले, "वैनी, आधी डबा."

"डबा ना, तो मी चिवड्याला घेतला," आई म्हणाली. "तो बघा, पाहुण्यांच्या पुढ्यात."

"आन् आतली टेप?"

आईने कौतुकाने रेडिओकडे बोट दाखवलं. रेडिओ चालू होता, कुणीतरी भजन म्हणत होतं. त्याच्या डोक्यावर आमची टेप, तिच्यावर क्रोशाचा रुमाल, त्यावर पितळी फुलदाणी. "परदेशी दिसतं, नाही?" आई म्हणाली.

रेडिओच्या आत स्पीकर असतो आणि स्पीकरच्या पोटात दांडगं लोहचुंबक. टेपवरचं लिखाण लोहचुंबकानेच पुसतं. सर्टिफिकेट कोर्सात मी हे शिकले होते. मी सुभेदारांकडे बघितलं. त्यांचा चेहरा मातीचा झाला होता.

"रेडिओ बंद करा," ते म्हणाले.

"का हो?" मुलाचे वडील दचकले. "कोण गेलं?"

"अजून कळायचंय," सुभेदार म्हणाले, आणि बाळंतिणीकडून बाळ घ्यावं तशी त्यांनी ती टेप रुमालासकट उचलली.

"काय आहे काय त्यात?"

"सगळा ऊस हाय."

बेदाणेवाले खो खो हसले. "एवढ्याशा चकलीत? मग आमचे बेदाणेपण मावतील की."

"मावतील. पर दोन टेपा लागतील."

"इतके बेदाणे नाहीत हो आमच्याकडं."

"एका बेदाण्याच्याबी दोनच लागतात," सुभेदार म्हणाले. मग त्यांचं लक्ष मुलाकडे गेलं. त्याच्याकडे निरखून बघत त्यांनी विचारलं, "भाऊ हाय का तुमाला?"

"नाही, मी एकटाच."

सुभेदार चुकचुकले. इतक्या मनापासून, की मुलाने हातातला शेंगदाणा खाली ठेवला.

जाताना मुलाचे वडील माझ्या वडिलांना म्हणाले, "मुलगी पसंत आहे. हंगामी नोकरी आहे म्हणता, म्हणजे सोडायला त्रास नाही. कायम असती तर आम्हाला विचार करावा लागला असता." वडिलांनी माझ्याकडे बघितलं नाही. पुढच्या रविवारी बैठक ठरली.

सोमवारी सकाळी ऑफिसच्या दारातच शिपायाने मला कागद दिला. ब्रेक. हंगामी माणसाने कायमचा हक्क सांगू नये म्हणून त्याला मधूनमधून एक दिवस घरी बसवायची पद्धत होती, आणि माझा तो दिवस नेमका आजचा. सुभेदारांनी कागद माझ्या हातातून घेतला, घडी केली आणि खिशात टाकला. "संध्याकाळी बघू. बस."

"मी? तुम्ही नाही?"

"चष्मा इसरलोय."

"दोन्ही?"

"दोनी." दोन्ही चष्म्यांच्या दांड्या त्यांच्या खिशातून डोकावत होत्या.

वाचणारा भाग स्पिरिटने पुसून स्वच्छ केला होता. मी टेप लावली, हुकूम टाइप केला, मोठ्याने वाचला, "टेपवरनं चकतीवर," आणि कळ दाबली. टेप फिरू लागली. गावं चढू लागली. मग मध्येच टेप थांबली आणि मशीनने खडखडत विचारलं: इथे वाचता येत नाही. पुन्हा प्रयत्न करू, की सोडून पुढे जाऊ?

मी पुन्हा म्हटलं. पुन्हा तेच. मला ती फुलदाणी डोळ्यांसमोर दिसू लागली. सोडून पुढे जा म्हटलं तर कुणाचं तरी गाव कायमचं गळलं असतं, आणि त्या गावाला कळलं असतं ते त्यांचा ऊस वाळल्यावर.

"काय करू?" मी विचारलं.

सुभेदार तांब्या घेऊन दाराकडे निघाले होते. "मला काय इचारतीस? ते तुला इचारतंय." आणि खरंच पाणी आणायला निघून गेले.

मी चढवणं तिथेच थांबवलं. कापसाला स्पिरिट लावून भाग पुन्हा पुसला. कापूस गुलाबी झाला; नवमीचं कुंकू अजून निघत होतं. टेप थोडी मागे घेण्याचा हुकूम दिला आणि पुन्हा प्रयत्न कर म्हटलं. नाही. पुन्हा पुसलं, पुन्हा मागे, पुन्हा प्रयत्न. टेप अडखळली, आणि चालू लागली. त्या वयात मी केलेली ही एकच शहाणपणाची गोष्ट, आणि तीही बहुतेक स्पिरिटच्या वासाने सुचली असावी.

शेवटी ठिपका आला. आम्ही यादी छापून काढली. सुभेदारांनी एक चष्मा काढून लावला, मग दुसरा, आणि नावं तपासली. सगळा ऊस जागेवर होता.

"आता कोऱ्या टेपेवर राखीव घे," ते म्हणाले. घेतलं. त्यांनी ती नवी टेप आपल्या मांडीवर ठेवली, पाणी प्यायले आणि म्हणाले, "आता पूस."

"काय?"

"चकती. पूस आन् ह्या नव्या टेपेवरनं परत चढव. एकदा आलं ते कशानं आलं कुणास ठाव."

"साहेब दुपारी येणारेत."

"म्हणूनच आत्ता पूस."

मला त्या माणसाचा इतका राग आला होता की मी दुसऱ्यांदा विचारलंसुद्धा नाही. मी पुसलं. मशीनने ठिपका काढला, निर्विकार. त्याच वेळी दार उघडून साहेब आत आले.

"झालं का?"

"झालं होतं," मी म्हणाले.

"होतं म्हणजे?"

"पुसलं."

साहेब स्टुलावर बसले. स्टूल जरा बाजूला होतं, पण बसले. "सुभेदार," ते बारीक आवाजात म्हणाले, "टोळ्या फाटकात उभ्या आहेत. चढवा."

"चढवतो की. पर मला काय दिसत न्हाई. आन् हिचा आज ब्रेक हाय." सुभेदारांनी खिशातून घडी काढून साहेबांच्या हातात दिली. "हिला कामावर धरता येत न्हाई. तुमचीच सही हाय."

"तो ब्रेक रद्द. झालं?"

"आज रद्द. म्होरं परत येणार. हंगामी माणसाच्या हातात सगळा ऊस द्यायचा, बरं दिसतं का साहेब?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं, कोऱ्या मशीनकडे बघितलं. "मीटिंगपुढे ठेवतो. पुढच्या महिन्यात."

"ठेवा. मीटिंग झाली की चढवू."

बाहेर ट्रॅक्टरवाला हॉर्न वाजवत होता.

"टाइपरायटर कुठाय?" साहेब म्हणाले.

"ह्यो काय, समोर," सुभेदार म्हणाले.

तेव्हा माझी कायमची ऑर्डर मी स्वतः, कॉम्प्युटरच्या टाइपरायटरवर, इंग्रजीत टाइप केली. प्रत्येक ओळ संपून कळ दाबली की मशीन तिला हुकूम समजायचं आणि खाली उत्तर द्यायचं. 'सदर कर्मचारी आजपासून कायम करण्यात येत आहे.' चुकीचा हुकूम. 'त्यांना सेवेचे सर्व लाभ मिळतील.' चुकीचा हुकूम. साहेबांनी कागद फाडून घेतला, मशीनच्या सगळ्या हरकतींसकट त्याखाली सही केली आणि कागद माझ्या अंगावर टाकला.

मी नवी टेप लावली, हुकूम लिहिला, आणि घाईघाईने कळेकडे हात नेला. सुभेदारांनी तो कागद उचलून उजेडाकडे धरला, सहीवर हळूच फुंकर घातली.

"सावकाश चढव, पोरी," ते म्हणाले. "शाई वाळू दे."